झाकले जाण्यापूर्वी पाहावे असे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण खर्च आणि दगदग यांच्या अनुभवातून जन्मली. स्वतःच्या भूखंडावर बंगला बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाने मात्र तिच्यातील 'पाहावे' हा शब्द अक्षरशः घ्यायला हवा. बांधकामाचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला झाकत पुढे सरकतो. सळया काँक्रीटमध्ये जातात, विटा गिलाव्याखाली आणि नळ फरशीखाली. रंगाची छटा किंवा दरवाज्याची मूठ पुढे केव्हाही बदलता येते. एकदा झाकली गेलेली चूक शोधायची, तर घरच फोडावे लागते. म्हणूनच जोत्याच्या वर काम निघाले, की काय कधी झाकले जाणार आहे हे घरमालकाला ठाऊक असणे आवश्यक ठरते.

सांगाड्याचे बळ

आजचे बहुतेक बंगले आरसीसी सांगाड्यावर उभे असतात. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर अशी ही वाटचाल असते. भिंती या सांगाड्यातील केवळ भरण असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंतींची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर 'स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर' अशी समजूत दृढ झाली. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपाने तिला तडा दिला. केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, म्हणजे भिंतींविना नुसत्या कॉलमांवर उभा होता. बंगल्याखाली वाहनतळ ठेवू पाहणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा आणि तशी पूर्वकल्पना संरचना अभियंत्याला आराखड्याच्या वेळीच द्यावी.

सांगाड्याचे बळ केवळ सळईच्या जाडीत नसते. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके सरळ काटकोनात न वळवता 135 अंशांत आत वळवलेली असावीत. तसे नसेल, तर हादऱ्यात त्या उघडतात. बीम आणि कॉलम यांच्या सांध्याजवळ रिंगा अधिक जवळजवळ असाव्या लागतात. पुढे आलेल्या गॅलरीची किंवा छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूस असते. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली ती खाली दबली, तर गॅलरीचा आधारच नाहीसा होतो. सळई आणि फळी यांमध्ये कव्हर ब्लॉक नसतील, तर सळई उघडी पडते, गंजते, फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून पाडते. समुद्रकाठच्या जुन्या इमारतींच्या छतांवर हे दृश्य सर्रास दिसते. स्लॅब भरण्यापूर्वी अभियंत्याने सळया स्वतः तपासून लेखी संमती द्यावी, हा आग्रह म्हणूनच अनाठायी नाही.

पाणी कमी आणि पाणी भरपूर

काँक्रीटचे पाण्याशी नाते विलक्षण आहे. कालवताना पाणी कमी हवे, घट्ट झाल्यावर भरपूर हवे. कामावर नेमके याच्या उलट घडते. पातळ काँक्रीट ओतायला सोपे, म्हणून मिश्रणात पाणी वाढवले जाते आणि नंतर पाणी मारण्याचा कंटाळा केला जातो. 'आयएस 456 : 2000' या भारतीय मानकानुसार एम 20 प्रतीच्या ठरावीक प्रमाणाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यामागे पाणी 30 लिटरहून अधिक नसावे. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते.

स्लॅबवर वाफे करून साठवलेले पाणी साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस टिकवावे, असे हेच मानक सांगते. टेकू काढण्याची घाईही घातक असते. साध्या सिमेंटचा विचार केला, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायचे असतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमसाठी ही मुदत 14 दिवसांची, तर त्यापुढे 21 दिवसांची आहे. फळ्या भाड्याच्या असतात आणि दर दिवशी ठेकेदाराचा खर्च वाढतो. त्यामुळे ही मुदत करारातच नमूद करावी. स्लॅब भरतानाच 150 मिलिमीटरचे नमुना ठोकळे भरून घ्यावेत. 28 दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांची ताकद तपासली, की काँक्रीटचा दर्जा कागदावर येतो.

गिलाव्याआधीचे दिवस

सांगाडा उभा राहिला, की काम वेगाने सरकल्यासारखे वाटते. वीटकाम एका दिवसात दीड मीटरहून अधिक उंच चढवू नये, कारण खालचा ओला मसाला वरच्या भाराने दबतो. मातीच्या विटा आधी भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या मसाल्यातील पाणी शोषून घेतात. ओळंबा आणि गुण्या लावून भिंती व कोपरे तपासण्याची वेळ हीच. वाकडी भिंत गिलाव्याने सरळ करायची, तर गिलावा जाड होतो आणि पुढे सुटतो. वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर तारेची जाळी ठोकूनच गिलावा करावा. हे दोन पदार्थ उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि नव्या घरातील त्या सरळ रेषेतील भेगा तिथेच उमटतात.

विजेच्या आणि पाण्याच्या नळ्यांसाठी भिंतीत चर पाडण्याचे कामही गिलाव्यापूर्वीच उरकायला हवे. कुठे पलंग, कुठे दूरचित्रवाणी संच, कुठे वॉशिंग मशीन हे कुटुंबाने त्याआधी ठरवले नाही, तर नवा गिलावा फुटतो. त्याहून वाईट म्हणजे नळी नेण्यासाठी बीम किंवा कॉलम फोडला जातो. अभियंत्याला विचारल्याशिवाय सांगाड्याला छिन्नी लागता कामा नये. चरांतील नळ्यांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून ठेवली, तर पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना ती उपयोगी पडतात.

पाण्याची परीक्षा

नव्या घराच्या तक्रारींत ओल आघाडीवर असते. स्नानगृहाच्या खोलगट स्लॅबमध्ये जलरोधक थर दिल्यावर तो पाण्याने भरून किमान दोन दिवस तसाच ठेवावा आणि खालच्या छतावर डाग येतो का ते पाहावे. नळांची दाबचाचणी लाद्या बसण्यापूर्वी घ्यावी. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करताना पन्हळीच्या तोंडाकडे निश्चित उतार हवा. गच्चीची खरी परीक्षा पावसाळाच घेतो. शक्य झाल्यास बाहेरचा रंग आणि आतले लाकूडकाम एक पावसाळा पाहून करावे. ओल्या गिलाव्यावर चढवलेली लांबी आणि रंग पापुद्र्यांनी निघतात आणि दोष मात्र रंगाऱ्यावर ढकलला जातो.

साज आणि हात

अखेरच्या टप्प्यात फरशी, खिडक्या, स्वयंपाकघराचा ओटा, दिवे आणि कपाटे येतात. पाहुण्यांना दिसणारे घर हेच असल्याने कुटुंबाचा उत्साह आणि हात दोन्ही येथे सैल सुटतात. पैसा अपुरा पडू लागला, की दिव्यांच्या झुंबराऐवजी अर्थिंगवर काटकसर होते. वास्तविक 30 मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आरसीसीबी हा विजेचा धक्का जिवावर बेतू न देणारा साधा उपाय आहे. ओला हात आणि सदोष गीझर यांच्यामध्ये तोच उभा असतो. कपाटे वर्षभर थांबू शकतात, अर्थिंग थांबू शकत नाही.

पैसे देण्याची पद्धतही यालाच जुळती असावी. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला, विकसकाकडून सदनिका घेणाऱ्यासारखे 2016 च्या रेरा कायद्यातील दोषदायित्वाचे संरक्षण मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे त्याने केलेला करार. म्हणून प्रत्येक हप्ता तारखेशी न जोडता तपासणीशी जोडावा : सळया तपासल्या, मग स्लॅब, पाणी थांबले, मग लादी. काही रक्कम एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावी. आरसीसीचे नकाशे, चाचण्यांचे अहवाल, नळ्यांची छायाचित्रे आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलमध्ये जपावे. वीस वर्षांनी पुढची पिढी वर मजला चढवायचा विचार करील, तेव्हा भिंतींआड काय आहे हे तिला या फाइलमधूनच कळणार आहे.