हार्ड आणि हार्डली : रोजच्या इंग्रजीतील विशेषणे व क्रियाविशेषणे

मी व्याकरणाचा पंडित नाही. सुरतेत अनेक वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. मंडळाने व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा मी एखाद्या रोगावर बोलेन अशीच सर्वांची अपेक्षा असणार. मी मात्र इंग्रजीतील विशेषणे आणि क्रियाविशेषणे निवडली, कारण एका शब्दाच्या शेपटीने एका घरावर काय वेळ आणली ते मी पाहिले आहे.

दम्याच्या एक आजी माझ्या जुन्या रुग्ण. एका संध्याकाळी त्यांना जोराची धाप लागली. मुलगा परदेशात, घरी सून आणि अकरावीतला नातू. नातवाने वडिलांना इंग्रजीत संदेश धाडला, ‘आजी इज ब्रीदिंग हार्डली.’ आजी जोरजोराने श्वास घेते आहे, असे त्याला म्हणायचे होते. जोराने म्हणजे ‘हार्ड’, आणि क्रियेविषयी सांगायचे तर शब्दाला ‘ली’ लावायचा, हा शाळेतला नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला. पण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. वडिलांनी वाचले की आईचा श्वास थांबत आला आहे. इकडे मी आजींना ताबडतोब रुग्णालयात पाठवले होते. प्राणवायू मिळताच त्यांना आराम पडू लागला. धावपळीत घरचा फोन कोणी उचलला नाही. मुलगा तिकडे तिकीट काढून, आई गेली असे धरूनच विमानात बसला. दारात पाऊल टाकले तेव्हा आई खाटेवर बसून चहा पीत होती. ती हसली, हा मात्र उंबऱ्यातच खाली बसला.

नातवाचा दोष म्हणावा तर एवढाच की त्याला अर्धाच नियम ठाऊक होता. उरलेला अर्धा आज पाहू.

विशेषण नामाला टेकते, हे आपण लहानपणी शिकलो. क्रियाविशेषण क्रियापदाला टेकते, हेही शिकलो. पण इंग्रजी क्रियाविशेषण विशेषणालाही टेकते आणि दुसऱ्या क्रियाविशेषणालाही. माझ्या दवाखान्यातले उदाहरण घ्या : ‘अ व्हेरी बॅडली स्वोलन नी’, म्हणजे फारच वाईट सुजलेला गुडघा. ‘नी’ हे नाम. ‘स्वोलन’ त्याला टेकले आहे. ‘बॅडली’ हे ‘स्वोलन’ला टेकले, आणि ‘व्हेरी’ हे ‘बॅडली’ला. प्रत्येक शब्दाचा आधार त्याच्या उजवीकडे आहे. मधला ‘स्वोलन’ काढा. ‘बॅडली नी’ उरते, आणि त्याला काही अर्थ नाही. ‘बॅडली’ला टेकायला शब्दच राहिला नाही. शंका आली की हीच परीक्षा करावी : हा शब्द काढला तर कोण पडते?

मराठीत हे काम वेगळ्या रीतीने चालते. सुजलेला गुडघा, सुजलेली टाच, सुजलेले बोट : कोण कोणाचे ते शब्दाचे रूपच सांगते. ‘मुलगी चांगली गाते’ या वाक्यात तर ‘चांगली’ हा शब्द वर्णन गाण्याचे करतो आणि रूप मुलीचे घेतो. इंग्रजी विशेषणाला असे लिंग-वचन नाही. म्हणून तिथे सारा भार शब्दाच्या जागेवर आणि त्या ‘ली’वर येतो. आपली मुले ‘शी सिंग्ज गुड’ म्हणतात ते आळसाने नव्हे. त्यांच्या कानात ‘चांगली गाते’ असते, आणि चांगली म्हणजे ‘गुड’. इंग्रजीत मात्र गाण्याविषयी बोलताना ‘वेल’ लागते.

या विषयाशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. हेच दादोबा पुढे सुरतेत इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली इथेच दुर्गाराम मेहताजींसारख्या सुरतकरांबरोबर ते मानवधर्म सभेच्या स्थापनेत होते. मराठी, गुजराती आणि इंग्रजी यांचा संसार एका शहरात मांडण्याची गोष्ट आपल्यासाठी नवी नाही.

आता काही फसवे शब्द. ‘हार्ड’ हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही : ‘हार्ड वर्क’ म्हणजे कष्टाचे काम, ‘वर्क हार्ड’ म्हणजे कष्टाने काम करणे. ‘हार्डली’ हा अर्थाने निराळाच शब्द. तसेच ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘ही केम लेट’ म्हणजे तो उशिरा आला. इथे ‘लेटली’ लिहिले तर बिघडले. उलट ‘फ्रेंडली’ आणि ‘एल्डरली’ यांच्या शेवटी ‘ली’ असूनही ती विशेषणे आहेत. ‘एल्डरली पेशंट’ म्हणजे वयस्क रुग्ण. शेपूट पाहून जात ठरवू नये.

दुसरी अडचण ‘फील’, ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ या क्रियापदांची. ‘शी लुक्स टायर्ड’ म्हणजे ती थकलेली दिसते. थकवा तिचा आहे, पाहण्याचा नव्हे, म्हणून विशेषण. पण ‘शी लुक्ड ॲट मी अँग्रिली’ म्हणजे तिने माझ्याकडे रागाने पाहिले. इथे पाहणे ही क्रिया झाली; म्हणून क्रियाविशेषण. तब्येत बरी नसेल तर ‘आय फील बॅड’ म्हणावे, ‘बॅडली’ नको.

तिसरी गोष्ट मात्रेची. आपल्या सुरतेच्या बोलीत ‘बहु’चा ‘बो’ होतो आणि जेवण ‘बो सरस’ होते. त्या ‘बो’त कमी-जास्त सगळे मावते. इंग्रजीत पायऱ्या आहेत. ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी, ‘व्हेरी गुड’ म्हणजे फार चांगले. ‘क्वाइट गुड’ ब्रिटनमध्ये पुष्कळदा बऱ्यापैकी, तर अमेरिकेत खूपच चांगले. ज्यांची मुले दोन्हीकडे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘टू’ हा तर सर्वांत फसवा. आपण कौतुकाने ‘टू गुड’ म्हणतो, पण ‘टू’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त. ‘व्हेरी वीक’ म्हणजे फार अशक्त. ‘टू वीक टु स्टँड’ म्हणजे उभे राहवत नाही इतकी अशक्त. पहिल्या रुग्णाला मी उद्या बोलावीन, दुसऱ्याला आत्ता बघायला जाईन.

शेवटी ‘ओन्ली’. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला लावावा त्याच्यावरच जोर देतो. ‘रात्रीच दोन गोळ्या’ आणि ‘रात्री दोनच गोळ्या’ यांत गोंधळ होऊ शकत नाही. इंग्रजीत ‘ओन्ली’ वाक्यात हिंडतो. म्हणून औषधाची सूचना इंग्रजीत लिहिताना मी त्याला नेमक्या शब्दाशेजारी बसवतो : ‘ओन्ली टू पिल्स’ किंवा ‘ओन्ली ॲट नाइट’.

रोग्याची हकिकत घेताना आम्हाला ‘दुखते’ एवढ्याने भागत नाही. कसे दुखते, केव्हा, किती, कशाने वाढते, कशाने थांबते, हे विचारावे लागते. रोगाचे नाव नाम सांगते. रोगी ओळखू येतो तो विशेषणांनी आणि क्रियाविशेषणांनी. माझ्या जैन घरात लहानपणी ‘स्यात्’ हा शब्द कानी पडे. त्याचा अर्थ ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. कुठलेही विधान करताना ते कोणत्या अपेक्षेने, कोणत्या मर्यादेत खरे आहे, हे सांगण्याची ती शिस्त. तो छोटा शब्द नामाला किंवा क्रियेला नव्हे, सबंध विधानाला मर्यादा घालतो. बोलण्याला मर्यादा घालणारे शब्द सांभाळून वापरावेत, हे मी तिथे शिकलो.

तो नातू आता नोकरीला आहे. मध्यंतरी दवाखान्यात आला तेव्हा म्हणाला, ‘डॉक्टरकाका, आजीला धाप लागली की आता मी मराठीतच कळवतो.’ मी म्हटले, ‘मराठीत जरूर कळव. पण इंग्रजीत लिहावे लागले, तर लिहिलेले एकदा वाच, आणि कोणता शब्द कोणाला टेकला आहे ते बघूनच पाठव.’ वाचकहो, आपल्या घरांतल्या मुलांनाही एवढेच सांगावे, ही विनंती.