खोट्या ‘टेक सपोर्ट’ची नंबरप्लेट

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लालभडक पाटी, वर कर्कश भोंगा: ‘व्हायरस आलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा!’ सोंग इथंच उघडं पडतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. आल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. बहुतेक वेळा ‘व्हायरस’ मुकाट घरी जातो.

फोन लावलाच, तर पलीकडचा गडी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो. आत लाल-पिवळ्या खुणांची ही रांग! कोऱ्या करकरीत लॅपटॉपवरही ती दिसते, कारण विंडोज आपली रोजची किरकोळ कुरकुर तिथं लिहून ठेवतं.

त्याहून भारी युक्ती पुढची. तो ‘८८८डीसीए६०’पासून सुरू होणारा लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘हा तुमच्या मशीनचा नंबर, ताडून बघा काका.’ जुळतो की! जगातल्या हरेक विंडोजवर तो तोच असतो.

मग एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) टाका म्हणतो. अ‍ॅप बिचारं निर्दोष आहे. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेला विट्याचा मुलगा त्यावरूनच आईचा लॅपटॉप दुरुस्त करून देऊ शकतो. प्रश्न एवढाच, की पलीकडे मुलगा आहे की भामटा.

नंबर गुगलवरून घेतला, म्हणून निर्धास्त? २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गुगल मॅप्सवरचे फोन नंबरच भामट्यांनी बदलले होते. तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांपर्यंत गेल्या.

आता फोनमागच्या कंपनीचा मालक शोधू. गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच-१० म्हणजे सांगली, एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कंपनीलाही अशीच पाटी असते: २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन. किर्लोस्कर ब्रदर्सचा वाचून बघा. पहिलं अक्षर एल, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली (नसेल तर यू). पुढं पीएन, म्हणजे पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय. मग १९२०, नोंदणीचं साल. कंपनीची वसाहत त्याहून जुनी: औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये. शंभर वर्षांची कंपनी सालासकट पाटी मिरवते, आणि ‘वीस वर्षांचा विश्वास’ सांगणाऱ्या सपोर्टवाल्याकडं सीआयएनच नसतो, किंवा असतो तो गेल्या वर्षीचा.

सीआयएन मिळाला, की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं दिसतात. प्रत्येक संचालकाला आठ आकडी डीआयएन, आणि तो जन्मभर एकच. कंपनी बुडवून नवी काढली तरी नंबर मागे लागतोच.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही बोलका. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर पी असेल तर ‘इंटरनॅशनल प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवणारा प्रत्यक्षात एकटा माणूस. कंपनीला तिथं सी लागतो.

संकेतस्थळाचा मालक बघायची ‘हू-इज’ नोंद २०१८ पासून बहुधा नाव झाकते. संकेतस्थळाची जन्मतारीख मात्र झाकत नाही.

मोठे मासे सापडतात का? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथं सोंग अमेरिकी करखात्याचं होतं, पण मांडणी हीच: इंग्रजी नावं, घोटवलेले उच्चार, लिहून दिलेले संवाद. ७०० च्या वर माणसं चौकशीत घेतली. पोलिसांनी सूत्रधार ठरवलेला सागर ठक्कर ऊर्फ शॅगी दुबईहून परतला आणि एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावरच सापडला. त्याची जप्त झालेली ऑडी आर-८ एकेकाळी विराट कोहलीची होती!

आणि भामट्यांचा माग काढणारा उत्तर आयर्लंडचा ‘जिम ब्राउनिंग’ (हे टोपणनाव). भामटे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले, की हा उलटा त्यांच्यात शिरतो. गुरुग्रामच्या एका कॉल सेंटरमध्ये तर त्यांच्याच सीसीटीव्हीतून त्यांना बघत बसला. २०२० मध्ये बीबीसीनं ते दाखवलं. आपल्याकडं असं परस्पर घुसणं आयटी कायद्यानं गुन्हा. म्हणून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तर येते.