स्वस्त कॅमकॉर्डर घेण्याआधी

स्वस्तातल्या कॅमकॉर्डरच्या खोक्यावर ठसठशीत छापलेला असतो तो झूमचा आकडा. तो आधी बाजूला ठेवावा. भिंगे सरकून दूरचे जवळ येते तो ऑप्टिकल झूम. डिजिटल झूम म्हणजे टिपलेलेच चित्र ताणणे. ‘४के’चेही पुष्कळदा तसेच, लहान चित्र फुगवून आकडा गाठलेला. बँकेतल्या नोकरीत फुगवलेले ताळेबंद वाचायची सवय लागली, ती इथे कामी येते.

मग पाहायचे काय? संध्याकाळच्या उजेडात माणसांचे चेहरे कसे दिसतात, बाहेरचा माईक लावायची सोय आहे का, आणि टिपलेले वीस वर्षांनी कशावर दिसणार? हे शेवटचे दुकानात कोणी विचारत नाही. पूर्वीही विचारत नसत. व्हीएचएस-सीची छोटी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून घरच्या व्हीसीआरवर लागे, पण ती अर्ध्यापाऊण तासात संपे. व्हिडिओ-एटची दीड तास चाले, म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळे. ती पाहायला मात्र बहुधा कॅमेराच टीव्हीला जोडावा लागे. तो बिघडला की कॅसेट मुकी. जुलै २०१६मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि दोघे एकाच पंगतीला बसले. आजोबांचा आवाज कपाटात आहे, ऐकवणारे यंत्र नाही, अशी घरे पुष्कळ.

आताची मेमरी कार्डेही अमरपट्टा घेऊन आलेली नाहीत. चित्रण साध्या एमपी४ फाईलमध्ये होते ना, एवढे दुकानातच पाहावे. आणि दोन यंत्रांत दोन-तीन हजारांचा फरक असेल, तर स्वस्त घेऊन उरलेल्या पैशांत प्रती ठेवायला एक जादा डिस्क आणावी.