पाडव्याचा सालगडी आणि लिलावातला खेळाडू

मंडळी, आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन केले. सर, जन्मभर नांदेडला तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे खेळाडूंच्या लिलावाचं काय काढलं? त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा घरी आला. कबड्डी खेळतो, चढाई चांगली करतो म्हणतात. हातात चार पानांचा कागद होता. एका संघाला त्याच्याशी तीन वर्षांचा करार करायचा होता. संघ कोणता ते सोडून द्या, लहानसाच आहे. पोरगा म्हणाला, "सर, सही करू का?"

आम्ही कागद वाचला. तिन्ही वर्षांचं मानधन आजच ठरलेलं. मुलानं मधेच दुसरीकडे जायचं नाही. संघाला मात्र कुठलाही मोसम संपला की त्याला मोकळं करता येईल. आणि गुडघा गेला, खांदा निखळला तर काय? चार पानांत त्याबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही म्हणालो, दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत नातवाला समोर बसवून जे समजून घेतलं आणि त्यावरून जे जुनं आठवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

खेळ बंद असतो तेव्हाच खरे सौदे होतात, ही गोष्ट काही आजची नाही. ॲरिस्टॉटलनं थेलीसची एक कथा सांगितली आहे. थेलीस म्हणजे ग्रीकांचा आद्य तत्त्वज्ञ. लोक त्याला हिणवायचे, एवढी अक्कल आहे तर तू दरिद्री कसा? त्यानं ग्रहताऱ्यांवरून ओळखलं की पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक जोरात येणार. भर हिवाळ्यात, कुणी विचारत नव्हतं तेव्हा, त्यानं थोडाथोडा इसार देऊन तेलाचे सगळे घाणे भाड्यानं धरून ठेवले. हंगाम आला, एकदम मागणी उठली आणि घाणे सगळे याच्याच हातात. मग त्यानं हवा तो दर लावला. आपल्याकडे शेतातली कामं उरकली की पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, ते याच जातीचं. काम सुरू होण्याआधी माणूस धरून ठेवायचा. लातूरच्या ट्यूशन एरियात उन्हाळ्यात कोणता मास्तर कोणत्या क्लासला जाणार याची कुजबुज चालते, तीही त्यातलीच. हसू नका, तुमच्यातले काही जण त्या कुजबुजीत असतात!

आता कबड्डी. प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली, पुढे बारा झाले. पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे आपले दोन. पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटण्यानं १२ लाख ८० हजारांना घेतलं, आणि तो त्या वर्षीचा सर्वांत महागडा भारतीय खेळाडू होता. २०२३ साली पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. नऊ वर्षांत वीसपट. एवढी तर लातूरच्या बाजारात तुरीचीही चढती पाहिली नाही.

पण पैसा कितीही असला तरी संघाला तो हवा तसा उधळता येत नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. प्रत्येक संघाच्या थैलीला एक मर्यादा असते. २०२३ आणि २०२४ च्या लिलावांत ती ५ कोटी होती. त्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. काही जुने खेळाडू लिलावाआधीच राखून ठेवता येतात, काही नवी पोरं लहान मानधनावर घेऊन वाढवता येतात. बाकीचे लिलावात जातात. तिथे संघाजवळ एक हुकमाचं पान असतं. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्यानं शेवटची बोली लावली की तेवढेच पैसे मोजून त्याला परत घेता येतं. म्हणजे घरातल्या माणसाची किंमत आधी परक्याकडून ठरवून घ्यायची आणि मग त्याला ठेवायचं. आम्हाला हा नियम फार विचार करायला लावणारा वाटतो.

पुणेरी पलटणचं उदाहरण घेऊ, कारण संघ कसा बांधावा आणि कसा विस्कटतो, हे दोन्ही त्यात दिसतं. २०२२ साली त्यांनी इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतलं. डावा कोपरा सांभाळणारा, पकडीतला दादा माणूस. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून २९ विरुद्ध ३३ असा हरला. मग त्यांनी काय केलं? फजलला सोडलं. तो तेव्हा तिशी ओलांडलेला. तरुण पोरांचा जम बसला होता, तो मात्र तसाच ठेवला. त्यात आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता. संघात भोक एकच राहिलं, डाव्या कोपऱ्याचं. ते बुजवायला त्यांनी २ कोटी ३५ लाख देऊन मोहम्मदरझा शादलू आणला. तोही इराणी, तोही डाव्या कोपऱ्याचा, पण वयानं आठेक वर्षं लहान.

आता हिशेब मांडा. ५ कोटींतले २ कोटी ३५ लाख एकट्याला. उरले २ कोटी ६५ लाख आणि कमीत कमी १७ माणसं, सरासरी पंधरा-साडेपंधरा लाख. हे जमतं कधी? बाकीची पोरं अजून स्वस्त असतात तेव्हा. स्वस्त म्हणजे वाईट नव्हे, बाजारानं अजून ओळखलेली नाहीत, एवढंच. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्यानं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. अस्लम त्या मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

आणि विजेतेपदाबरोबर अडचण सुरू झाली. जिंकल्यावर सगळ्यांचेच भाव वाढतात ना! २०२४ च्या लिलावात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अस्लमचा गुडघा दुखावला, तो मोसमाच्या मध्यातच बाहेर बसला. गतविजेते आठव्या स्थानावर घसरले. आणि करंडक? तो हरियाणानं उचलला, तोही पुण्यात, बालेवाडीला. पण पुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गुडघा दुखावलेल्या अस्लमला पुण्यानं राखलं. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला, दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. यात माया होती की हिशेब, हे बाहेरून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना आला आणि एका मोसमात गाजला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. २०२१ मध्ये १ कोटी ३० लाख, पण खांदा दुखावला आणि बहुतेक सामने बुडाले. २०२३ ला हरियाणानं पुन्हा १ कोटी दिले. २०२४ ला दिल्लीनं २६ लाख. ही रांग पहा, एका माणसाचा खांदा बाजारानं वर्षावर्षाला कसा तोलला ते यात दिसतं. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात पकड करायला गेला, गुडघा गेला, अख्खा मोसम बाहेर. आणि गंमत अशी की तोच संघ नव्या पोरांच्या जोरावर उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या वर्षी पवनवर तो विक्रमी भाव लागला, तेव्हा टायटन्स मात्र तळाला राहिले.

याला अर्थशास्त्रात एक नाव आहे, विजेत्याचा शाप. १९७१ साली तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून ते दाखवून दिलं. जमिनीखाली तेल किती, हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं, सगळे अंदाज करतात. लिलाव जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तो. म्हणजे जिंकलात याचाच अर्थ बहुधा जास्त मोजलेत. खेळाडूच्या गुडघ्यात अजून किती चढाया उरल्यात, हेही जमिनीखालच्या तेलासारखंच.

माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा आधी दात बघतो. दोनदाती आहे का, जुळला का. देवणी असो की लाल कंधारी, बोट तोंडात घातल्याशिवाय सौदा नाही. खेळाडूची वैद्यकीय तपासणी होते तेव्हा आम्हाला ते आठवतं आणि बरं वाटत नाही. कांटनं १७८५ साली एक भेद केला होता. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. आम्ही हे वर्गात खूप वर्षं शिकवलं. पण डाव्या कोपऱ्यात फजलच्या जागी शादलू ठेवता येतो आणि संघ जिंकतोही! तेव्हा कांट चुकला का? आम्हाला वाटतं, नाही. जागा भरली ती कोपऱ्याची. माणूस पूर्ण विकला जात नाही, करार होतो तो त्याच्या कामाचा. अडचण एवढीच की काम आणि शरीर वेगळं काढता येत नाही. गुडघा करारात नसतो, पण करार गुडघ्यावरच उभा असतो.

इथे आम्हाला घरचं एक सांगायचं आहे. निलंग्याच्या बाजूच्या आमच्या गावी वडिलांकडे सालगडी होता. साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. इतकी ज्वारी, इतके रोख, कपड्याचा एक जोड, वहाणा. एका भाद्रपदात त्याच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. दीड महिना घरी बसून होता. वडिलांनी बदली गडी लावला आणि त्याची मजुरी याच्या सालातून कापली. वडील वाईट नव्हते, गावात तीच रीत होती. पाडव्याला हिशेब झाला तेव्हा उचल धरून तोच देणं लागत होता. मग पुढचं साल त्याला आमच्याकडेच धरावं लागलं. दुसरीकडे जास्त देत होते, तरी. आम्ही तेव्हा नववीत होतो. अक्षर चांगलं म्हणून तो हिशेब वहीत आम्हीच लिहिला होता.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल याच वाटेनं चालते. आजारी पडलं तर काम फिटत नाही, आणि फिटलं नाही तर पुढचा हंगाम बांधला जातो. करारामुळे धोका नाहीसा होत नाही, मंडळी. तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, एवढंच करार ठरवतो. आणि मुदत जितकी लांब, तितकं ते ओझं जास्त दिवस.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ओझं दुसऱ्या बाजूला ठेवलेलं आहे. तिथले मोठे करार चार-पाच वर्षांचे आणि बहुतेक हमीचे असतात. खेळाडू जायबंदी झाला तरी ठरलेला पैसा द्यावाच लागतो. तिथे ही हमी खेळाडूंच्या संघटनेनं मालकांशी भांडून टिकवलेली आहे, आपोआप आलेली नाही. मग मालक रडतात. ब्रॅडली बील याला वॉशिंग्टननं २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी २५ कोटी १० लाख डॉलर कबूल केले, वर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे धाडायचं नाही अशी अटही दिली. वर्षभरात तो फिनिक्सला गेला. तिथे जमलं नाही, पण त्याला हलवायचं तर त्याची संमती हवी. शेवटी २०२५ च्या जुलैत तडजोड करून मोकळं केलं आणि उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरवले. खेळणार दुसरीकडे, नाव यांच्या हिशेबात. त्याच महिन्यात मिलवॉकीनं डेमियन लिलार्डला सोडलं. एप्रिलमध्ये त्याच्या टाचेमागची शीर तुटली होती. सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर देणं बाकी, तेही पाच वर्षांवर. मालकांना हे जाचक वाटतं, आणि संघबांधणीच्या दृष्टीनं ते खरंच जाचक आहे. पाच-पाच वर्षं थैलीचा एक कोपरा अडकून पडतो. पण शीर तुटलेला माणूस देणेकरी झाला नाही. आमच्या वहीतला झाला होता.

तर तो मुलगा. दोन दिवसांनी आला. आम्ही कागदावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहून दिल्या. पहिली: सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर त्या मोसमाचं मानधन पूर्ण आणि उपचाराचा खर्च संघाचा. दुसरी: मोसमाअखेर सोडायची मुभा संघाला असेल तर ती खेळाडूलाही असावी. त्याला म्हणालो, तीन वर्षं ऐकायला पक्की वाटतात, पण हा कागद तुझ्यासाठी तीन वर्षांचा आहे आणि त्यांच्यासाठी एकाच वर्षाचा. तू गाजलास तर तीन वर्षं आजच्या भावात, नाही गाजलास तर मार्चमध्ये घरी. तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, जास्त बोललो तर ते दुसऱ्याला घेतील."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. शादलूजवळ चार संघ बोली लावायला उभे असतात, या पोराजवळ एकच कागद.

आठवड्यानं फोन आला. पहिली ओळ त्यांनी घातली, उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा लावून. दुसरी नाही घातली. सही केली म्हणाला. आम्ही विचारलं, एक प्रत तुझ्याजवळ आहे ना? ते सांगायचं आम्ही विसरलोच होतो. म्हणाला, आईनं सहीच्या आधीच झेरॉक्स काढायला लावली, ट्रंकेत ठेवलीय.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.