टॅबलेटला कीबोर्ड जोडताना

बचत गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे अद्ययावत लेख्यांचं, आणि सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आपण सगळ्या मिळून करतो. लिहायची वेळ आली की टॅबलेट मात्र एकीच्याच मांडीवर. मासळी साफ करून, नारळ सोलून राठ झालेली बोटं त्या काचेला कळत नाहीत. ठरावात नावाचं एक अक्षर चुकलं, आधार कार्डाशी जुळलं नाही, तर बँकेत कागद अडतो. म्हणून आज टॅबलेटला बाहेरून कीबोर्ड कसा जोडायचा ते सांगतो. बटणं दाबायला राठ बोटंही चालतात, आणि दोघीतिघी आळीपाळीने लिहू शकतात.

कीबोर्ड दोन तऱ्हेचे. वायरचा कीबोर्ड जोडायला ओटीजी नावाची छोटी जोडपिन लागते. ती टॅबलेटच्या चार्जिंगच्या भोकात बसते आणि कीबोर्ड लगेच चालू होतो. पण भोक एकच असतं, म्हणजे तेवढा वेळ चार्जिंग बंद, आणि कीबोर्ड वीजही टॅबलेटचीच खातो. दुसरा बिनवायरचा, ब्लूटूथचा. त्याचा सेल किंवा बॅटरी वेगळी असते. वीज जाणाऱ्या गावात आम्हाला हाच बरा वाटतो.

ब्लूटूथचा जोडताना आधी कीबोर्डचं बटण चालू करा. जोडणीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. मग टॅबलेटच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, यादीत कीबोर्डचं नाव येईल, त्यावर बोट ठेवा. कधी कधी स्क्रीनवर काही आकडे येतात. ते कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं. बऱ्याच जणी ते आकडे वहीत उतरवून घेतात आणि पुढे काय म्हणून थांबतात. जोडणी एकदाच करायची, पुढच्या वेळी तो आपोआप जोडला जातो. नाहीच जोडला, तर कीबोर्ड आधी कुणाच्या फोनला जोडला होता का ते विचारा. त्या फोनचं ब्लूटूथ चालू असेल तर कीबोर्ड तिकडेच जातो.

कीबोर्ड जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड नाहीसा होतो. घाबरू नका. तो हवाच असेल तर सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डच्या पानावर तो दाखवण्याची सोय असते.

आता खरी अडचण मराठीची. काही टॅबलेटवर बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठी किंवा हिंदी मांडणी मिळते, काहींवर मिळत नाही, आणि मग नुसतं इंग्रजी उमटतं. गटाचे पैसे मोजण्याआधी आपला टॅबलेट दुकानात घेऊन जा आणि तिथेच मराठीत नाव टाइप करून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

मराठीची सरकारी मांडणी आहे इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पेन्सिल घ्या, 'म्हात्रे' लिहू. इंग्रजी सी दाबला की म, डी म्हणजे पाय मोडणं, यू म्हणजे ह, ई म्हणजे काना. झालं 'म्हा'. मग एल म्हणजे त, पुन्हा डी, जे म्हणजे र, एस म्हणजे मात्रा. झालं 'त्रे'. जोडाक्षर आलं की मधे डी, एवढं बोटांना कळलं की निम्मं काम झालं. 'अलिबाग' लिहिताना अ साठी शिफ्ट धरून डी दाबा, आणि पहिली वेलांटी दिसते आधी, पण दाबायची ल नंतर. देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते सुरुवातीला लावा. इंग्रजीतून मराठीत जायला बहुधा स्पेसबरोबर आणखी एक बटण दाबावं लागतं. ते कुठलं, हेही दुकानातच विचारून ठेवा.

कागदाची वही मात्र सोडू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या रायगडात किती दिवस वीज नव्हती ते आठवा.

आपल्याकडची हवा खारट, त्यात किनाऱ्यावरची वाळू. काम झालं की कीबोर्ड उलटा धरून हलकेच झटका, कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर आत गंज चढतो.