लिनक्स चालेल का? आधी तपासा, मग टाका!



‘माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का रे?’ हा प्रश्न होस्टेलवर दर सेमिस्टरला कोणी ना कोणी विचारतंच. अलीकडे तो जास्त ऐकू येतो, आणि त्याला कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि आठ जीबी रॅम असलेला धडधाकट लॅपटॉप नियमाने बाद! घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेऊन दिलेली वस्तू अशी भंगारात घालायची का?

लिनक्स हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण ‘चालेल रे, टाक बिनधास्त’ हे काही उत्तर नव्हे. उत्तर तपासून मिळतं. त्यासाठी एक पेनड्राइव्ह आणि साधारण एक तास पुरतो. मी जी पद्धत वापरतो ती इथे देतो आहे.

गोम कुठे असते?

प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड यांचा सहसा त्रास होत नाही. खरी गोम असते ती वायफाय, ग्राफिक्स, साउंड, फिंगरप्रिंट अशा उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये.

प्रत्येक पीसीआय उपकरणाला दोन ओळख क्रमांक असतात, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. दोन्ही चार-चार हेक्साडेसिमल अंकांचे. गंमत म्हणजे इंटेलचा उत्पादक क्रमांक आहे ८०८६! ज्या प्रोसेसरवर असेंब्ली प्रोग्रॅम लिहिताना आपण घाम गाळतो, तोच. लिनक्स सुरू होताना कर्नल हे क्रमांक वाचतो. कोणता ड्रायव्हर कोणत्या क्रमांकांसाठी आहे याची यादी तयार असते. क्रमांक जुळला की ड्रायव्हर लोड होतो. नाही जुळला तर ते उपकरण मशीनमध्ये असूनही मुकं राहतं.

न जुळण्याची कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, चिप कर्नलपेक्षा नवी असणं. उबुंटू २४.०४ सोबत आलेला मूळ कर्नल ६.८ हा २०२४ चा आहे. त्यानंतर बाजारात आलेली चिप त्याला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून अगदी नव्या लॅपटॉपवर नवा कर्नल असलेलं डिस्ट्रो घ्यावं. दोन-चार वर्षं जुना लॅपटॉप लिनक्सवर बरेचदा नव्यापेक्षा सुरळीत चालतो, तो यामुळेच.

दुसरं, उत्पादकाने ना ड्रायव्हर दिला, ना माहिती.

तिसरं, ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही. बऱ्याच वायफाय चिप्सना सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम बाहेरून भरावा लागतो. तो मुक्त परवान्याचा नसल्याने डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी नसायचा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो समाविष्ट झाला. त्यामुळे डेबियन ११ टाकताना मुकं राहिलेलं वायफाय डेबियन १२ टाकताना बोलू लागलं, असं घडू शकतं. तेव्हा ‘लिनक्सवर चालत नाही’ असं कोणी म्हटलं, तर कोणत्या लिनक्सवर हे आधी विचारावं.

इन्स्टॉल न करता तपासणी

सीडीवरून थेट लिनक्स चालवण्याची पद्धत क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्समुळे २००० नंतर लोकप्रिय झाली. आता सीडीऐवजी आठ जीबीचा पेनड्राइव्ह वापरायचा. त्यावर डिस्ट्रोची आयएसओ फाइल लिहायची. त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा नोट्स आधी काढून ठेवा. मशीन सुरू करताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचं आणि ‘ट्राय’ हा पर्याय निवडायचा. सगळं रॅममध्ये चालतं, आपण हात लावत नाही तोवर हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते.

एक सावधगिरी मात्र हवीच. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्या. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर प्रोजेक्टसकट सगळा डेटा कुलपात! उबुंटू, फेडोरा यांना सहसा सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही.

काय काय पाहायचं?

१. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ लिहा, जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘एनएनके’, सगळं लहान लिपीत. प्रत्येक उपकरण, त्याचे क्रमांक आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसेल. वायफाय, ग्राफिक्स किंवा साउंडखाली ती ओळ नसेल तर कागदावर टिपून घ्या. काही ब्रिजखाली ती नसतेच, त्याची काळजी नको. वेबकॅम आणि ब्लूटूथ बहुधा आतून यूएसबीवर असतात, त्यांच्यासाठी ‘एलएसयूएसबी’.

२. ‘सुडो डीमेसेज’ (‘मेसेज’चं स्पेलिंग नुसतं एम-ई-एस-जी) ही आज्ञा देऊन कर्नलचे संदेश पाहा. त्यात ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द शोधा. रोग बहुतेकदा इथेच सापडतो.

३. ड्रायव्हर दिसला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्यक्ष वापरून पाहा. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर जोडा. स्पीकर, हेडफोन आणि माइक वेगवेगळे तपासा. ब्राइटनेसची बटणं, टचपॅड, वेबकॅम पाहा. प्रोजेक्टर जोडून बघाच. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं आणि नीट ड्रायव्हर नसेल तर बाहेरचा पडदा काळाच राहतो. हे सेमिनारच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. याच एनव्हिडियाला २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने नव्या चिप्ससाठीचे कर्नल मॉड्यूल मुक्त स्रोत केले.

४. झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. पेनड्राइव्ह तसाच राहू द्या. मशीन जागं होतं का? वायफाय परत जोडलं जातं का? बॅटरी किती उतरली? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मशीन इथेच अडखळतात.

५. इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसते का? काही इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये डिस्क रेड किंवा आरएसटी मोडवर असते आणि लिनक्सला ती दिसत नाही. एएचसीआय केलं की दिसते, पण तयारी न करता बदल केला तर आधीचं विंडोज बूट होईनासं होऊ शकतं. घाई नको.

६. ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती पाहा, आणि रात्री झोपताना मेमटेस्ट८६+ लावून रॅम तपासा. डिस्क मरायला टेकलेली असते, आणि बदनामी होते लिनक्सची.

निकाल कसा लावायचा?

कागदावर तीन रकाने करा: चाललं, खटपटीने चाललं, नाही चाललं. मग स्वतःला विचारा, यातलं काय नसलं तर माझं अडेल? फिंगरप्रिंट नाही चाललं तरी पासवर्ड आहे. वायफाय नाही चाललं तर छोटा यूएसबी अडॅप्टर मिळतो (घेण्याआधी त्यातल्या चिपचं नाव विचारा), आणि तोवर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग कामी येतं. पण झाकण उघडल्यावर मशीन दर वेळी गोठत असेल, तर दुसरं डिस्ट्रो किंवा नवा कर्नल लावून पाहिल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. सॉफ्टवेअरचंही तसंच. ऑटोकॅडची लिनक्स आवृत्ती नाही, तेव्हा त्या विषयासाठी लॅबचा पीसी किंवा ड्युअल बूट.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर पेनड्राइव्ह खिशात ठेवूनच दुकानात जावं. पैसे देण्याआधी दहा मिनिटं बूट करून पाहू द्या म्हणावं. नाही म्हटलं तर दुसरं दुकान आहेच.

शेवटी एक विनंती. हा कागद फेकू नका. प्रत्येक विंगमध्ये एक वही ठेवूया आणि त्यात मॉडेल, डिस्ट्रो, कर्नल आणि निकाल लिहूया. नुसतं मॉडेलचं नाव मात्र पुरत नाही. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये वायफायची चिप वेगळी असू शकते. म्हणून ते चार-चार अंकी क्रमांक जरूर लिहा. पुढच्या वर्षी एखादा ज्युनियर ‘चालेल का रे?’ विचारत आला, की त्याच्या हातात वही ठेवता येईल आणि त्याचा जुना लॅपटॉप अजून चार सेमिस्टर तरी चालेल.