जुनी लेन्स, नवा कॅमेरा

रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीच्या काचेकडे पाहा. बाहेरचा रस्ता दिसतो आणि त्यावर तुमचा चेहराही दिसतो. काच सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही. थोडा परत फिरवते. याला परावर्तन म्हणतात. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश असा परत फिरतो.

चार टक्के म्हणजे फारसे नाही, असे तुम्हांला वाटेल. पण सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकच भिंग नसते. समजा, एकामागे एक अशी ६ सुटी भिंगे आहेत. त्यांचे पृष्ठभाग झाले १२. हिशेब करून पाहा, जवळजवळ ३९ टक्के प्रकाश वाटेतच जातो! शिवाय, परत फिरलेला काही प्रकाश भिंगाभिंगांवर आपटत शेवटी चित्रावरच येऊन पडतो. मग काळा रंग करडा दिसतो आणि चित्रावर धुके उतरल्यासारखे वाटते.

१९३५ साली झाइस या जर्मन कंपनीतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अत्यंत पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी केले. आता असे अनेक थर देतात. काही चष्म्यांच्या काचांवर हिरवट झाक दिसते ना, ती अशाच लेपाची.

मग जुन्या लेन्स अडगळीत गेल्या का? उलट, त्यांना मागणी आली. डिजिटल कॅमेरा चेहऱ्यावरची बारीक सुरकुतीही टिपतो. नवी लेन्स लावली, की चित्र कधी कधी नको इतके रेखीव होते. ‘रोग वन’ (२०१६) या अमेरिकन चित्रपटासाठी छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी अलेक्सा ६५ या डिजिटल कॅमेऱ्यावर अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० या लेन्स वापरल्या. ही पद्धत १९५०-६०च्या काळातली, फिल्मसाठी घडवलेली!

निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते. रेखीव चित्र नंतर संगणकावर मऊ करता येते. पण जो तपशील लेन्सने टिपलाच नाही, तो परत आणता येत नाही. जुन्या लेन्समधले वंगण सुकते, फिरणारी कडी जड होते. एकाच संचातल्या दोन लेन्सचे रंगही कधी जुळत नाहीत. आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपुरती बनवलेली लेन्स मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली, तर चित्राचे कोपरे काळे राहू शकतात. तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.